गोळी सकाळची, गोळी रात्रीची

अंथरुणातून उठायला तासभर लागतो. उठलं तरी अंग दगडासारखं. रोज भेटणाऱ्या माणसाचं नाव जिभेवर येता येता अडतं, फोन वाजला तर तो आपोआप थांबावा असं वाटतं, केस विंचरले की फणीत पुंजका येतो. बायपोलर, म्हणजे मूड कधी नैराश्याच्या तर कधी उन्मादाच्या टोकाला नेणारा आजार. तो असलेल्या माणसाला यातलं बरंचसं ओळखीचं असतं. ‘आलं वाटतं परत,’ असं तो मनाशी म्हणतो आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांचं काय काय रद्द करावं लागेल याचा हिशेब मांडायला लागतो. पण ज्याला बायपोलरच्या जोडीला थायरॉईडही आहे, त्याला इतकं सरळ काही म्हणता येत नाही. हे नैराश्य असेल. थायरॉईड मंदावलं असेल. मूडसाठी घेतलेल्या रात्रीच्या गोळीची सुस्ती उतरत नसेल. तिन्हींचा थोडाथोडा वाटा असेल. मन असो की ग्रंथी, तक्रार सांगायला दोघांकडे शब्द तेवढेच आहेत: थकवा, झोप, भूक, वजन.

दुसऱ्या टोकालाही तीच गत. हात कापतात, छाती धडधडते, विचार एकावर एक आदळतात, रात्री तीनला डोळे टक्क उघडे. हा उन्मादाचा पहिला आठवडा आहे, थायरॉक्सिनची (थायरॉईडच्या सकाळच्या गोळीची) मात्रा जास्त झाली आहे, की लिथियमची (मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाची) नेहमीची थरथर आणि वर थोडी काळजी?

सगळ्यात मोठा घोळ होतो तो वेळेचा. मूड चार दिवसांत पालटू शकतो. लिथियमची रक्तातली पातळी आठवड्याभरात स्थिरावते. थायरॉक्सिनचं बस्तान बसायला दीड महिना लागतो. आणि माणूस या तिघांचा हिशेब एकाच घड्याळावर करायला जातो.

या दोन आजारांची गाठ कधी पडली ते बघण्यासारखं आहे. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियम दिल्याचा निबंध छापला. त्याच वर्षी लंडनमध्ये रिचर्ड ॲशर यांनी चौदा रुग्णांची हकीकत लिहिली. मनोविकार म्हणून पाहिल्या गेलेल्या या माणसांचं थायरॉईड पार बसलेलं होतं, आणि थायरॉईडचा अर्क दिल्यावर त्यातले बहुतेक सावरले. दोन्ही निबंधांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. संबंध जुळला तो १९६८ मध्ये. ज्यांनी लिथियमच्या रीतसर चाचण्या करून त्याला मान्यता मिळवून दिली, त्याच डेन्मार्कच्या मोगेन्स स्कौ यांच्या गटाने लिथियम घेणाऱ्यांमध्ये गलगंड दिसत असल्याचं नोंदवलं. मन स्थिर करणारं औषध गळ्यातल्या ग्रंथीवर हात ठेवतं, हे तेव्हापासून माहीत आहे.

हात ठेवतं म्हणजे काय, तर लिथियम थायरॉईड ग्रंथीत साठतं आणि तिने तयार केलेलं संप्रेरक बाहेर पडू देत नाही. माल गोदामात तयार असतो, पण गाडी सुटत नाही. मेंदूतळाची पियुषिका ग्रंथी मग तगादा वाढवते. या तगाद्याचं नाव टीएसएच. तो साधारण ०.४ ते ४ मिलियुनिट प्रति लिटर असावा असं धरतात. प्रत्येक लॅबची मर्यादा थोडी पुढेमागे असते. ग्रंथी जितकी मंद, तितका टीएसएच जास्त. इथे आपल्या बोलण्यातला एक घोटाळा नोंदवून ठेवायला हवा. ‘माझं थायरॉईड वाढलंय’ असं आपण सर्रास म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा रिपोर्टमधला टीएसएच वाढलेला असतो, म्हणजे थायरॉईडचं काम कमी झालेलं असतं. मानसोपचारतज्ज्ञाला फोनवर ‘थायरॉईड वाढलंय’ असं सांगितलं तर तो नेमका उलटा अर्थ घेऊ शकतो. आकडाच सांगावा. टीएसएच इतका, फ्री टी-फोर (रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन) इतका, अमुक तारखेचा.

ग्रंथी मंदावण्याचा धोका सगळ्यांना सारखा नसतो. बायकांना जास्त असतो. ज्यांच्या रक्तात थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडी (टीपीओ अँटीबॉडी) आधीपासून असतात त्यांना आणखी जास्त, कारण तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटलेली असते आणि लिथियम फक्त शेवटचा धक्का देतं. म्हणून लिथियम सुरू करण्याआधी टीएसएचबरोबर ही अँटीबॉडी एकदा तपासून घेतली तर पुढे कुठे डोळ्यात तेल घालून बघायचं ते कळतं. बहुतेकांचं मंदावणं पहिल्या दोन वर्षांत दिसतं, पण ‘दहा वर्षं झाली, आता काय होणार’ असं म्हणून तपासणी सोडू नये. क्वचित लिथियममुळे ग्रंथीला न दुखणारी सूज येते आणि साठलेलं संप्रेरक एकदम रक्तात सांडतं. मग काही आठवडे सगळं उलट, थायरॉईड धावायला लागतं. आणि थायरॉईडच्या मागे चिकटलेल्या चार इवल्याशा पॅराथायरॉईड ग्रंथींनाही लिथियम डिवचतं. त्यांच्यामुळे रक्तातलं कॅल्शियम वाढतं, आणि वाढलेल्या कॅल्शियमची लक्षणं काय? थकवा, उदासी, बद्धकोष्ठता, सतत तहान. संशयितांच्या यादीत आणखी एक नाव. टीएसएच ठीक, लिथियम ठीक, तरी माणूस मरगळलेला, अशा वेळी कॅल्शियम कुणी बघितलंय का, हे विचारावं.

मग लिथियम बंदच का करू नये? रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या घरात हा प्रश्न हमखास येतो. माझं मत सरळ आहे: लिथियम लागू पडत असेल तर एकट्या थायरॉईडसाठी ते सोडणं हा बहुधा तोट्याचा व्यवहार असतो. थायरॉईडची उणीव एका छोट्या गोळीने भरून निघते, ती गोळी शरीरात मुळात असतं तेच संप्रेरक पुरवते. लिथियमची उणीव भरून काढणं इतकं सोपं नाही. आत्महत्येचा धोका कमी करणारी म्हणून ओळखली जाणारी औषधं मोजकी आहेत आणि त्यात लिथियम वरच्या ओळीत आहे. शिवाय ते एकदम थांबवलं तर उन्माद उसळून येण्याची भीती मोठी. थांबवायचंच असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठवड्यांच्या हिशेबाने उतरवत.

आता घड्याळांकडे वळू. थायरॉक्सिनची अर्धी मात्रा शरीरातून जायला सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे आज मात्रा ५० वरून ७५ मायक्रोग्रॅम केली तर रक्तातली पातळी नव्या जागी टेकायला पाच-सहा आठवडे जातात, आणि पियुषिका ग्रंथी त्याची दखल त्याहूनही सावकाश घेते. म्हणून पुढचा टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी. त्याआधीचा आकडा खोटा नसतो, पण अर्धवट असतो. आणि घोळ असा होतो: मात्रा वाढवून दहा दिवस झाले, काहीच फरक नाही, म्हणून पुन्हा वाढवली. तिसऱ्या आठवड्यात अजून मरगळ, म्हणून आणखी एक टप्पा. आठव्या आठवड्यात तिन्ही वाढी एकत्र येऊन थडकतात. टीएसएच ०.१, झोप उडालेली, हात थरथरतायत, डोक्यात पाच नव्या योजना. आता हा उन्माद मानायचा की गोळीचा अतिरेक? दोन्ही. अतिरेकाने उन्मादाला वाट करून दिली. बायपोलर असलेल्या माणसात थायरॉक्सिन २५ किंवा ५० मायक्रोग्रॅमपासून सुरू करून पायरी पायरीने चढवणं बरं, ते यासाठी. (पूर्ण गरज साधारण वजनाच्या दर किलोला १.६ मायक्रोग्रॅम असते, म्हणजे साठ किलोच्या माणसाला शंभराच्या आसपास. ग्रंथी थोडीफार काम करत असेल तर कमी.)

याला जोडूनच एक शिस्त. जिवाला धोका नसेल तर मनाचं औषध आणि थायरॉईडचं औषध एकाच आठवड्यात बदलू नये. दोन्ही बदलली आणि महिन्याने बरं वाटलं, तर श्रेय कुणाचं? बिघडलं, तर दोष कुणाचा? पुढची दोन वर्षं त्या एका महिन्याच्या चुकीच्या निष्कर्षावर औषधं चालतात. अडचण ही की बदल करणारे डॉक्टर दोन असतात, एक टीएसएच बघतो, दुसरा मूड, आणि दोघांमधली चिठ्ठी म्हणजे खुद्द रुग्ण. तोही नेमका असा दिवस काढत असतो की चिठ्ठीवर काय लिहिलंय ते त्यालाच वाचवत नाही. औषधांचा एकच कागद ठेवावा, त्यावर औषध, मात्रा आणि ‘कधीपासून’ हा रकाना. दोन्हीकडे तोच कागद दाखवायचा. तिसरा रकाना सगळ्यात कमी लोक लिहितात आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

लक्षणं सारखी असली तरी अगदीच जुळी नाहीत, थोडं खाली वाकून बघावं लागतं. थायरॉईड मंदावलेल्या माणसाला थंडी वाजते, इतरांना वाजत नसताना. आवाज घोगरा होतो, त्वचा कोरडी पडते, पोट साफ होत नाही, डोळ्यांभोवती सूज, नाडी मंद, पाळीत रक्तस्राव जास्त. नैराश्यात हे सगळं सहसा नसतं. तिथे असतो तो अपराधीपणा: आपण सगळ्यांवर ओझं आहोत, आपलं सगळं चुकलं, ही खात्री. नुसत्या मंद थायरॉईडचा माणूस म्हणतो, ‘माझ्यात त्राण नाही.’ नैराश्यातला माणूस म्हणतो, ‘माझ्यात काही नाही.’ हा फरक सीमारेषेसारखा ठाशीव नाही, पण ऐकणाऱ्याने कान द्यावा असा नक्की आहे.

वरच्या टोकाला सगळ्यात चांगली खूण झोपेची. थायरॉईड जास्त धावत असेल तर झोप हवी असते आणि लागत नाही. सकाळी माणूस पिळून निघाल्यासारखा असतो. उन्मादात झोप नकोच असते. तीन तास झोपून माणूस ताजातवाना, आणि बाकीचे जग इतका वेळ का लोळतं याचं त्याला आश्चर्य. दुसरी खूण नाडीची. जास्तीच्या थायरॉईडमध्ये नाडी झोपेतही जोरात असते. म्हणून ती मोजायची सकाळी जाग आल्या आल्या, उठून बसायच्याही आधी, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. नेहमी अडुसष्ट असणारी नाडी आठवडाभर नव्वदच्या वर दिसली तर मूडच्या वहीआधी रक्त तपासावं. उकाडा सहन न होणं, खाऊनही वजन उतरणं, शौचाला वारंवार जावं लागणं, तळवे गरम आणि घामट, हे थायरॉईडच्या बाजूने साक्ष देतात. वाढलेला खर्च, वाढलेलं तेज, ‘मला आता सगळं कळलंय’ अशी खात्री, हे उन्मादाच्या.

थरथरीबद्दल मात्र सावध राहायला हवं. लिथियमची रोजची थरथर बारीक असते, हात पुढे धरले की बोटांत दिसते. ती ठसठशीत झाली, कप धरता येईना, जोडीला उलट्या-जुलाब, चालताना तोल जाणं, जीभ जड, गोंधळल्यासारखं वागणं, तर ती लिथियमची विषबाधा असू शकते. तिथे थायरॉईड की मूड ही चर्चा करत बसायची नाही. पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी तातडीच्या विभागात जायचं. तसंच मरणाचे विचार येत असतील तर टीएसएचच्या रिपोर्टची वाट बघायची नाही. त्या विचारांचं कारण काहीही निघो, मदत आज हवी असते.

वजनाबद्दल थोडं. मंद थायरॉईडने वजन वाढतं, पण बहुधा दोन ते पाच किलो, आणि त्यातलं बरंचसं मीठ-पाणी. बारा-पंधरा किलो वाढलं असेल तर ओलान्झापिन, क्वेटियापिन, व्हॅल्प्रोएट ही मूडची औषधं किंवा खुद्द लिथियम यांच्याकडे बघायला हवं. हे सांगायचं कारण असं की वजन उतरवण्यासाठी थायरॉक्सिनची मात्रा ‘थोडीशी’ वाढवून घ्यायचा मोह फार जणांना होतो. त्या थोडीशीची किंमत हृदयाचे अनियमित ठोके, हाडांची झीज आणि झोप उडण्यापासून सुरू होणारा उन्माद.

आता ज्यावर डॉक्टरांमध्येही एकमत नसतं ती जागा. टीएसएच ४ ते १० च्या मध्ये, फ्री टी-फोर मात्र ठीक. एरवीच्या माणसाला अशा वेळी ‘दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासू’ म्हणतात, आणि ते बरोबरच असतं, कारण असे आकडे पुष्कळदा आपोआप खाली येतात. पण बायपोलरमधलं नैराश्य औषधांना दाद देत नसेल, किंवा वर्षात चार-चार एपिसोड येत असतील, ज्याला रॅपिड सायकलिंग म्हणतात, तर बरेच मानसोपचारतज्ज्ञ थायरॉक्सिन लवकर सुरू करतात. मंद थायरॉईड आणि रॅपिड सायकलिंग यांचं नातं काही अभ्यासांत दिसलं, काहींत दिसलं नाही. माझ्या मते इथे छापील मर्यादेपेक्षा स्वतःचा जुना आकडा जास्त बोलका असतो. बरा काळ चालू असताना ज्याचा टीएसएच वर्षानुवर्षं दीडच्या आसपास असायचा, त्याचा साडेचार झाला तर ते नुसतं ‘किंचित जास्त’ नाही. म्हणून बरं असतानाचे रिपोर्ट जपून ठेवायचे. आजारी असतानाचे सगळेच जपतात.

दाद न देणाऱ्या काही रुग्णांत नेहमीच्या कितीतरी पट थायरॉक्सिन देण्याचा उपचारही अस्तित्वात आहे. तो हृदय आणि हाडांवर नजर ठेवून तज्ज्ञांनी करायचा, वाचून करून बघायचा नाही. एवढंच.

रोजच्या गोळीचं तंत्र मात्र सविस्तर सांगण्यासारखं आहे, कारण ‘गोळी चालू आहे तरी टीएसएच खाली येत नाही’ याचं उत्तर बहुधा मात्रेत नसतं, पोटात असतं. थायरॉक्सिन रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी. कॉफीसुद्धा त्या तासानंतरच. कॉफी गोळीचं शोषण अडवते. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या, आम्लपित्ताची पातळ औषधं यांच्यात आणि थायरॉक्सिनमध्ये चार तासांचं अंतर. सोया रोजच्या आहारात असेल तर तो रोज सारखाच असावा, एक आठवडा भरपूर आणि एक आठवडा शून्य असं नको.

नैराश्यात सकाळ हीच सगळ्यात अवघड वेळ असते, आणि नेमकी तेव्हाच ही गोळी. यावर साधा उपाय: आजची एक गोळी आणि झाकलेला पाण्याचा पेला उशाशी. डोळे उघडले की घ्यायची आणि हवं तर पुन्हा पडायचं. उठणं आणि गोळी यांची फारकत करायची. (पूर्ण पाकीट उशाशी, खिडकीत किंवा न्हाणीघरात नको, उजेड, उष्णता आणि दमट हवा थायरॉक्सिनला मानवत नाही.) तरीही जमत नसेल तर रात्री झोपताना, शेवटचं खाऊन तीन तास झाल्यावर, घेतलेली चालते. रात्रीच्या गोळ्यांची डबी तशीही उघडायचीच असते. मग या लेखाचं शीर्षक चुकीचं ठरतं, पण टीएसएच बरोबर येतो. वेळ बदलली तर डॉक्टरांना सांगावं आणि दोन महिन्यांनी तपासावं.

विसरलेल्या गोळीचा नियम तर दोन्हींचा चक्क विरुद्ध आहे, आणि खरी जोखीम तिथेच आहे. थायरॉक्सिन सावकाश चालणारं, त्याचा हिशेब आठवड्याचा. सकाळी राहिली तर दिवसात आठवेल तेव्हा घ्यावी, आणि पूर्ण दिवस हुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायला अनेक डॉक्टर हरकत घेत नाहीत. लिथियमचं तसं अजिबात नाही. विसरलेली मात्रा भरून काढण्यासाठी लिथियम कधीही दुप्पट घ्यायचं नाही. त्याची उपयोगी पातळी आणि घातक पातळी यांत अंतर फार थोडं. रोजच्या उपचारात ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर, काहींना १ पर्यंत. दीडच्या पुढे विषबाधेची हद्द सुरू होते. ज्याने थायरॉक्सिनच्या बाबतीत ‘दोन घेतल्या तरी चालतात’ हे ऐकलेलं असतं, तो एखाद्या धुकट सकाळी तोच नियम दुसऱ्या पाकिटाला लावू शकतो. मार्करने पाकिटावरच लिहून ठेवावं. आणखी एक: थायरॉक्सिन मायक्रोग्रॅममध्ये, लिथियम मिलिग्रॅममध्ये. ०.१ मिलिग्रॅम म्हणजे १०० मायक्रोग्रॅम, हेही त्याच कागदावर असू द्यावं. लिथियमची साधी गोळी आणि हळूहळू विरघळणारी गोळी एकमेकींच्या जागी घेऊ नयेत, आणि दोन्ही औषधांची कंपनी शक्यतो बदलू नये. बदललीच तर पुन्हा तपासणी.

या दोन औषधांचा एकमेकांशी एक गुपचूप व्यवहारही चालतो. थायरॉईड मंदावलं की किडनीची गाळण्याची गतीही मंदावते. लिथियम बाहेर पडतं ते किडनीतूनच, त्यामुळे गोळ्या तेवढ्याच असूनही रक्तातली पातळी चढू शकते. पुढे थायरॉक्सिन लागू पडलं, किडनी पूर्वीसारखी गाळायला लागली, की तीच पातळी उतरू शकते, ०.८ असलेली ०.६ च्या खाली जाते आणि मूड डळमळतो. घरचे म्हणतात, थायरॉईडच्या गोळीने मन बिघडवलं. म्हणून थायरॉक्सिनची मात्रा बसली की लिथियमची पातळीही एकदा पुन्हा बघून घ्यावी. लिथियम चढवणारी बाकीची कारणं तुलनेने ठाऊक असतात: जुलाब, ताप, खूप घाम, अचानक मीठ तोडणं, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं, रक्तदाबाची काही औषधं. अंगदुखीला पॅरासिटामॉल सुरक्षित पडतं.

बाकीच्या मूड स्थिर करणाऱ्या औषधांबद्दल थोडक्यात. कार्बामाझेपिन यकृताला कामाला लावतं, थायरॉक्सिन लवकर खर्च होतं आणि मात्रा वाढवावी लागू शकते. व्हॅल्प्रोएटने टीएसएच किंचित वर सरकतो. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या तरी थायरॉक्सिनची गरज वाढते. गरोदरपणात ती साधारण पंचवीस ते तीस टक्क्यांनी वाढते, आणि अगदी सुरुवातीपासून, त्यामुळे चाचणी होकारार्थी आली त्याच आठवड्यात डॉक्टरांशी बोलायचं. व्हॅल्प्रोएटचा विचार मात्र त्याच्या कितीतरी आधी व्हायला हवा, ते बाळाला घातक आहे. बाळंतपणानंतर तर दोन्ही आजार हातात हात घालून येतात: उन्मादाचा किंवा नैराश्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांत सगळ्यात जास्त, आणि त्यानंतरच्या महिन्यांत थायरॉईडला सूज येऊन आधी ते धावतं, मग मंदावतं. नव्या आईचा थकवा ‘बाळ रात्री झोपू देत नाही’ या एका वाक्यात गुंडाळून टाकायला सगळे तयार असतात.

आणि माणसांत हे सांगण्याचं काय? ‘थायरॉईड आहे’ हे कुठेही म्हणता येतं. समोरचा लगेच आपल्या मावशीचा टीएसएच सांगतो. ‘बायपोलर आहे’ म्हटलं की खोलीत शांतता पसरते. त्यामुळे रजेच्या अर्जावर, लग्नकार्यातल्या गैरहजेरीसाठी, न उचललेल्या फोनसाठी थायरॉईड पुढे केलं जातं. त्यात काही गैर नाही. कुणाला किती सांगायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न. धोका तेव्हा होतो, जेव्हा जगासाठी शोधलेलं कारण आपल्यालाच पटायला लागतं. सगळं थायरॉईडचंच होतं, बायपोलर असं काही नव्हतंच, हा विचार किती सुखाचा आहे! ॲशर यांच्या रुग्णांसारखे लोक जगात असतातही. पण ज्याचे उन्मादाचे एपिसोड नोंदलेले आहेत, त्याच्या बाबतीत हा विचार रात्रीची गोळी बंद करण्यापर्यंत नेतो. पडताळा घ्यायचा तो असा: टीएसएच तीन महिने जागेवर आहे, गोळी नीट जाते आहे, कॅल्शियमही ठीक आहे, आणि तरी मन खालीच आहे, तर ते नैराश्य आहे. त्यावर नैराश्याचा उपचार करायचा. थायरॉक्सिन २५ ने वर, २५ ने खाली असा खेळ वर्षभर चालवण्यात फक्त वर्ष जातं. उलट बाजूने, तीव्र उन्मादात दाखल झालेल्या माणसाच्या पहिल्या दिवसाच्या रक्तात थायरॉईडचे आकडे तात्पुरते चढलेले दिसू शकतात. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासल्याशिवाय त्याच्यावर थायरॉईडचा नवा शिक्का मारू नये.

वही ठेवायची तर रोजची एकच ओळ: झोपेचे तास, मूड उणे तीन ते अधिक तीन, सकाळची नाडी, पाळीची तारीख, औषधात बदल असेल तर तो. पानभर लिहायला बसणारी वही बरी असताना भरते आणि गरज असताना कोरी राहते.

तपासणीचं वेळापत्रक साधारण असं: लिथियमची पातळी मात्रा बदलल्यावर पाच-सात दिवसांनी, स्थिर झाल्यावर पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी, नंतर सहा महिन्यांनी. टीएसएच, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि कॅल्शियम दर सहा महिन्यांनी; थायरॉईड आधीच बिघडलेलं असेल तर सांगतील तसं. सगळं एकाच सुईत जमवता येतं. केस-नखांसाठी बायोटिन घेत असाल तर ते निदान दोन दिवस आधी बंद. काही लॅबच्या यंत्रांत बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी-फोर खोटा जास्त दिसतो, आणि मग नसलेल्या अतिरेकापायी थायरॉक्सिनची मात्रा कमी केली जाते. आदल्या रात्री लिथियम नऊला घेतलं असेल तर रक्त सकाळी नऊला, कारण पातळी शेवटच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांची धरतात. दहा तासांनी काढलेल्या रक्तात ती उगाच चढलेली दिसते. टीएसएचही पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतो, तेव्हा दर वेळी हीच वेळ ठेवावी. रक्त घेणाऱ्याला सांगावं की लिथियमची तपासणी आहे; लिथियम हेपरिन असलेल्या, सहसा हिरव्या टोपणाच्या नळीत रक्त घेतलं तर नळीतलंच लिथियम मोजलं जातं आणि रिपोर्ट पाहून सगळ्यांची धावपळ उडते. सकाळची थायरॉक्सिन घरून घेऊन निघायची नाही, ती घेतल्यावर काही तास फ्री टी-फोर फुगलेला दिसतो. ती कागदाच्या पुडीत बांधून बरोबर न्यायची. रक्त देऊन झालं, कापूस दाबून धरलेला असतानाच दुसऱ्या हाताने गोळी आणि पाणी. कॉफी अजून तासाभराने.